पाहिलेलं, ऐकलेलं, शंका आलेलं

"पण भन्तेजी, सुरुवात कोणी केली हे ठरवल्याशिवाय दोष कुणाला द्यायचा?"

भन्ते शीलप्रिय चीवराला ठिगळ लावत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"द्यायचाच आहे का?"

"म्हणजे काय! लाखो माणसं देशोधडीला लागली. कुणीतरी उत्तर द्यायला नको?"

"हवं की." भन्त्यांनी दोरा दातांनी तोडला. "तुला सापडलं का उत्तर?"

"सापडलं. पाचशे बारा पानांत मांडलंय."

"अरे बापरे," भन्ते म्हणाले, आणि खरंच घाबरल्यासारखं तोंड केलं.

प्राध्यापक जनार्दन ढोक्यांना हे काही आवडलं नाही. भंडाऱ्याकडं ढोके सर म्हणजे मोठं नाव. एकतीस वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हापासून तर टीव्हीवाले त्यांना सोडेनात. नकाशा लावायचा, हातात काठी घ्यायची, आणि तासभर न अडखळता बोलायचं. तसं बोलणारा माणूस सगळ्या जिल्ह्यात दुसरा नव्हता, आणि ही गोष्ट ढोके सरांइतकी पक्की दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती.

उद्या नागपूरला त्यांच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. संध्याकाळी सहाला.

आणि उद्याच त्यांची एकुलती एक मुलगी देश सोडून चालली होती.

उत्पला युक्रेनमध्ये डॉक्टरकी शिकत होती. तिसऱ्या वर्षाला असताना युद्ध सुरू झालं. जीव मुठीत धरून परत आली, आणि आल्यापासून बापाशी एक अक्षर बोलली नव्हती. अडीच वर्षं झाली. नागपूरला खोली घेऊन राहिली, एका लॅबमध्ये नोकरी केली, पैसे साठवले. आता उरलेलं शिक्षण पुरं करायला जॉर्जियाला निघाली होती. बापाला हे कळलं ते शेजारणीकडून. बायको जाऊन दहा वर्षं झालेली, मध्ये पडणारंही घरात कुणी नव्हतं.

म्हणून सर आज सकाळीच मोहगावच्या टेकडीवर, विहारात आले होते. लहानपणी उत्पला दर रविवारी इथं वंदना शिकायला यायची. भन्त्यांचा शब्द ती खाली पडू देत नसे.

"तर भन्तेजी, माझं काम एवढंच आहे. तुम्ही तिला फोन करा. उद्या प्रकाशनाला ये म्हणावं. पहिल्या रांगेत बसली तरी पुरे. मग माझं मी बघतो."

"आणि विमान?"

"तारीख पुढं घेता येते."

"प्रकाशनाची?"

"छे! विमानाची."

भन्ते सुईत नवा दोरा ओवायला लागले. तो काही केल्या ओवला जाईना.

आतल्या चुलीपाशी अनसूयाबाई भाजी परतत होत्या. आज आश्विन पौर्णिमा, भिक्खूंनी पावसाळ्यात एकाच जागी राहायच्या वर्षावासाचा शेवटचा दिवस, आणि भन्त्यांचं जेवण बाराच्या आत व्हायला हवं, म्हणून त्यांची घाई चालली होती. या विहारात झाडलोट, स्वयंपाक आणि दटावणी ही तिन्ही खाती त्यांच्याकडं. भन्तेही त्यांना वचकून असत.

"सर," त्या आतूनच ओरडल्या, "तुमच्या पुस्तकात तेलाचं लिवलं का? लढाई तिकडं लागली अन् पिपा इकडं महागला. अन् माह्या लेकाले रोवणीच्या टायमाले खत भेटलं नाई, ते?"

"लिहिलंय, बाई. संबंध एक प्रकरण आहे त्यावर."

सरांना तेवढंच निमित्त झालं. काठी नव्हती, म्हणून हातातली छत्रीच त्यांनी जमिनीवर टेकवली.

"हेच तर मी सांगतोय, भन्तेजी! एक युद्ध, आणि जगाची सगळी घडी विस्कटली. काळ्या समुद्रात गव्हाची जहाजं अडली, तर तिकडं आफ्रिकेत भाकरी महागली. त्यांचा या भांडणाशी काय संबंध होता सांगा? खत अडलं, गॅस अडला. जे देश पन्नास वर्षं निवांत झोपत होते ते आता तोफा विकत घेतायत. शाळा-दवाखान्यांचा पैसा तिकडं चाललाय. आणि सगळ्या जगाची म्हणून जी सभा आहे, तिथं काय होतं? ठराव येतो, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच हात वर करून नाही म्हणतो. संपला ठराव!"

"ज्याच्यावर फिर्याद, त्याच्याच हातात निकाल?" भन्त्यांनी विचारलं.

"तेच तर!"

"घ्या," अनसूयाबाई म्हणाल्या, "म्हणजे आपल्याच गावची पंचायत की हो."

भन्ते हसले. सरांना हसू आलं नाही. त्यांना कुणी मध्येच बोललेलं खपत नसे.

"बरं, सुरुवातीचं सांग," भन्ते म्हणाले.

सरांचा आवाज चढला. आता ते जणू आपल्या घरी आले होते. तीस वर्षांमागचं मोठं राज्य कसं फुटलं, कुणी कुणाला काय शब्द दिला, तो दिला होता की नव्हता. एक म्हणतो, तुमचे दोस्त माझ्या उंबऱ्यापर्यंत आले. दुसरा म्हणतो, तू आठ वर्षांआधीच माझा मुलूख गिळला होतास. एकाच्या पंचांगात भांडण एका साली सुरू होतं, दुसऱ्याच्या दुसऱ्याच.

"ज्याला ज्या दिवशी लागलं, त्या दिवसापासून तो मोजतो?"

सर थबकले. हे वाक्य त्यांच्या पाचशे बारा पानांत नव्हतं.

"...तसं म्हणता येईल. पण भन्तेजी, फौज घेऊन दुसऱ्याच्या घरात शिरला तो एकच. तिथं मी गुळमुळीत बोलणार नाही."

"बोलूही नकोस. शिरला त्याचं पाप त्याच्याच पदरात. ते मी झाकत नाही." भन्त्यांनी सुई चीवरात खोचून ठेवली. "मला दुसरंच विचारायचंय. पुस्तक आणलंस का?"

आणलं होतं. पहिली प्रत भन्त्यांनाच द्यायची म्हणून सरांनी पिशवीत जपून ठेवली होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी पुढं केली.

भन्त्यांनी ती हातात घेतली, वजन पाहिलं, आणि परत दिली.

"तूच शोध. माझी नजर कामाची नाही. एवढी वर्षं हे सगळे राजे, मंत्री, सेनापती एकमेकांना भेटत होते. बरोबर?"

"कितीदा तरी! बैठका झाल्या, करार झाले."

"तेव्हा कुणी कुणाला असं विचारलं का, की बाबा रे, माझं काय चुकतंय असं तुला दिसतं? कुठल्या पानावर आहे?"

सर हसले. मग भन्ते हसत नाहीत हे पाहून त्यांनी पुस्तक उघडलं.

आधी मागची सूची पाहिली. मग चौथं प्रकरण. मग अकरावं. बोटाला थुंकी लावून पानं उलटायला लागले. त्यांना आपलं पुस्तक पाठ होतं, तरी उलटत राहिले.

"बैठकीत प्रत्येकानं काय केलं मग?" भन्त्यांनी विचारलं.

"आपली बाजू मांडली."

"आणि विचारलं काय?"

"विचारलं नाही... मागितलं."

सरांनी पुस्तक मिटलं.

"राजकारणात असं कुणी विचारत नसतं, भन्तेजी. ते विहारात ठीक आहे."

"विहारात तरी कुठं सोपं आहे, बापा!"

भन्ते भिंतीला धरून उठले. चीवर घेण्याआधी बावीस वर्षं ते रेल्वेत गँगमन होते. रुळावर वाकून वाकून गुडघे गेलेले. उठायला वेळ लागायचा, बसायला त्याहून जास्त.

"आज काय आहे, ठाऊक आहे ना तुला?"

"पवारणा." सरांना सगळंच ठाऊक असे. "वर्षावास संपला की भिक्खू एकमेकांपुढं बसतात. थोरल्यापासून सुरुवात. माझ्यातलं काही वावगं पाहिलं असेल, ऐकलं असेल, शंका आली असेल, तर कृपा करून सांगा, असं म्हणतात."

"आणि कुणी सांगितलं तर?"

"ऐकून घ्यायचं."

"ऐकून घ्यायचं," भन्ते म्हणाले. "यंदा माझ्यासोबत दुसरा भिक्खू नाही. एकटा असेल त्यानं हे मनातल्या मनात करायचं असतं, असा नियम आहे. पण मनातल्या मनात, जनार्दन, मी फार चांगला माणूस आहे."

आणि काय होतंय हे कळायच्या आत भन्ते सरांच्या समोर उकिडवे बसले. दोन्ही हात जोडले.

सर ताडकन उठून उभे राहिले. "भन्तेजी! अहो, हे काय!"

आतून अनसूयाबाई झारा घेऊनच बाहेर आल्या. "अगा माय! गृहस्थापुढं असं बसते का कोनी? अन् ते गुडघे! आता उठवील कोन तुमाले?"

"तू जा, बाई, भाजी करपेल," भन्ते म्हणाले. मग सरांकडं पाहून, "खाली बस, जनार्दन. माझ्यातलं काही वावगं तू पाहिलं असशील, ऐकलं असशील, तुला शंका आली असेल, तर कृपा करून सांग."

"तुमचं काय चुकणार, भन्तेजी?"

"सांग."

"काहीच नाही. खरंच नाही."

भन्ते उठले नाहीत. त्यांचे गुडघे थरथरायला लागले होते. जोडलेले हात तसेच होते. सरांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं...

"आता तुम्ही म्हणताच आहात तर..." सर म्हणाले, आणि त्यांचा तो खणखणीत आवाज एकदम बसला. "उत्पला परत आली तेव्हा मी विमानतळावर होतो. ती दुसऱ्याच दारानं निघून गेली. सरळ इथं आली, तुमच्याकडं. तीन दिवस राहिली. तीन दिवस, भन्तेजी! मी घरी तिची गादी घालून बसलो होतो. तिच्या आवडीचे मांडे करायला बाई बोलावली होती. पोर जिवंत आहे एवढंच ठाऊक, पण कुठं आहे ते ठाऊक नाही. तुम्हाला एक निरोप देता आला नाही? गावातून कुणालाही पाठवता आलं असतं."

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. अडीच वर्षं हे त्यांच्या छातीत बसलं होतं, आणि भन्त्यांच्या पाया पडताना दर वेळी टोचत होतं.

"साधु, बरं झालं सांगितलंस," भन्ते म्हणाले. "माझं चुकलं. मी निरोप द्यायला हवा होता."

सर वाट पाहत राहिले. पुढं काहीच आलं नाही.

"पण का नाही दिलात?"

"कारण सांगायचं नसतं. पवारणेत फक्त ऐकायचं असतं."

"मला ऐकायचंय ना!"

"तुला तोफेला तोफ हवी आहे. मी कारण दिलं की तू ते खोडणार. मग मी दुसरं देणार. बारा वाजून जातील, आणि माझं जेवण राहील." भन्ते कसेबसे खाली टेकले आणि पाय पसरले. "माझं चुकलं, एवढंच."

सरांना काय करावं कळेना. भांडण हातातून काढून घेतल्यावर हात असे मोकळेच राहिले. आणि गंमत म्हणजे, छातीतलं ते टोचणं कुठं गेलं, सापडेना.



मग सर हळूच म्हणाले, "ती माझा फोन उचलत नाही."

भन्त्यांनी आत हाक मारली. अनसूयाबाईंनी पदराला हात पुसले, कनवटीचा फोन काढला, नंबर लावला आणि न बोलता सरांच्या हातात दिला. हा फोन उत्पला पहिल्या घंटीला उचलते, हे सगळ्या मोहगावाला ठाऊक होतं.

"आजी, बोल गं! सामान बांधतेय."

"उत्पला... मी आहे."

पलीकडं एकदम शांतता. सरांना वाटलं, ठेवला. पण ठेवला नव्हता.

त्यांच्या जिभेवर प्रकाशनाचं आमंत्रण होतं. पहिली रांग होती. पण समोर भन्ते पाय चोळत बसले होते, आणि ते जसे मघाशी हात जोडून बसले होते ते काही नजरेसमोरून हलत नव्हतं.

"माझं काय चुकलं, ते मला सांगशील?"

"आता?"

"आता."

"मध्ये बोलाल तुम्ही."

"नाही बोलणार."

मग ती बोलायला लागली, आधी भराभर, मग थांबत थांबत.

"तळघरात आम्ही चाळीस जण होतो. पाणी संपलं होतं. वर सगळं हादरत होतं. माझ्या फोनला चार टक्के बॅटरी होती, बाबा. चार. मी तुम्हाला लावला. तुम्ही काय विचारलंत, आठवतं?"

सरांना आठवत होतं. पण ते गप्प राहिले.

"'आवाज उत्तरेकडून येतोय की पूर्वेकडून?' एवढंच. कशी आहेस, नाही. जेवलीस का, नाही. मी भिंतीला कान लावला. पूर्वेकडून, मी म्हणाले. आणि फोन गेला. मग चार दिवसांनी गाडी मिळाली, स्टेशनवर एका मुलीच्या फोनवर मी तुम्हाला टीव्हीवर पाहिलं. नकाशा, काठी. 'माझ्या खात्रीलायक सूत्रांनुसार हल्ला पूर्वेकडून झाला.'"

ती थांबली.

"मी तुमचं सूत्र होते, बाबा."

"अगं, त्याचं कारण असं की..."

भन्त्यांचा पाय चोळणारा हात थांबला. ते नुसते सरांकडं पाहत राहिले.

सरांच्या कपाळावरची शीर तटतटून वर आली होती. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुठलाही प्रश्न असा अर्ध्यावर सोडला नव्हता.

"...नाही. काही नाही. तू सांगितलंस ते मी ऐकलं, पोरी."

बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. तिचा की आपला, सरांना कळलं नाही.

"विमान उद्या संध्याकाळी साडेसहाचं आहे," उत्पला म्हणाली, आणि फोन ठेवला.

सरांनी फोन अनसूयाबाईंना परत दिला. त्या डोळ्याला पदर लावून आत गेल्या. भाजी करपलीच होती, पण आज त्या कुणाला काही बोलल्या नाहीत.

सर मात्र उसळले. "भन्तेजी, हा अन्याय आहे! मी दिशा विचारली ती तिला कुठल्या बाजूनं बाहेर पडायला सांगायचं म्हणून. शपथेवर सांगतो! पूर्वेकडून गोळे येत असतील तर पश्चिमेच्या रस्त्यानं निघ, हे मला सांगायचं होतं. तेवढ्यात बॅटरी गेली. रात्रभर मी वेड्यासारखा फोन लावत होतो. आणि ती म्हणते मी टीव्हीसाठी विचारलं!"

"टीव्हीवर सांगितलंस का?"

सर छत्रीची मूठ चाचपत राहिले.

"जनार्दन?"

"...सांगितलं." त्यांनी मान खाली घातली. "चॅनेलवाले थांबले होते. तोंडातून निघून गेलं. सूत्र म्हणालो तेव्हा बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू? पण हेतू तो नव्हता, भन्तेजी. तिचं निम्मं तरी खरं नाही."

विहाराच्या घड्याळात पावणेबारा झाले होते. अनसूयाबाईंनी भन्त्यांचं पात्र आणून समोर ठेवलं. भन्त्यांनी करपलेली भाजी पाहिली, त्यांच्याकडं पाहिलं, आणि मुकाट्यानं पात्र जवळ ओढलं.

सर अजून उभेच होते. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पुस्तक.

"निम्मं खरं नाही, भन्तेजी," ते पुन्हा म्हणाले, पण आता आवाजात आधीचा जोर नव्हता. "मी काय करू?"

"म्हणजे निम्मं खरं आहे ना?" भन्ते म्हणाले. "निम्म्यावर तर युद्धं थांबतात, बापा."